साडेसोळा इंच

गुरुवार म्हणजे आमचा रविवार. पुण्यातल्या नऱ्हे-धायरीकडच्या वर्कशॉपना त्या दिवशी सुट्टी, त्यामुळे मीही मोकळा. गेल्या दसऱ्यापासून माझ्या जवळजवळ सगळ्या गुरुवारच्या सकाळी एका गोडाऊनच्या पायऱ्यांपाशी गेल्या. ५ पायऱ्या आहेत. उतरताना डाव्या अंगाला काँक्रीटचा तिरपा कठडा आहे, लांबी ५ फूट ७ इंच. एवढ्याशा कठड्यावरून सायकल घसरवत खाली यायला मला अडीच महिने लागले. त्यातले निम्मे दिवस मी चुकीच्या गोष्टीवर मेहनत घेत होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बीएमएक्स म्हणजे २० इंची चाकांची, ठेंगणी, मजबूत सायकल. तिच्या अ‍ॅक्सलला (चाकाच्या आसाला) बाहेरच्या बाजूने नळकांड्यासारखे पेग बसवतात. जोरात यायचं, सायकलसकट उडी मारायची, पेग कठड्याच्या काठावर टेकवायचे आणि चाकं अधांतरी ठेवून काठावरून घसरत जायचं. याला ग्राइंड म्हणतात. पुढचा आणि मागचा असे एका बाजूचे दोन्ही पेग टेकवले तर डबल पेग. पायऱ्यांच्या कडेच्या उतरत्या कठड्याला स्केटबोर्डवाले ‘हबा’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत हबा हाइडआउट नावाची एक जागा होती, तिथल्या कठड्यांवरून हा शब्द पडला. ती जागा २०११ मध्ये पाडली, शब्द मात्र जगभर राहिला. आम्ही आपले कठडाच म्हणतो.

माझ्या सायकलची चेन उजवीकडे, म्हणून पेग डावीकडे. चेनच्या बाजूने घासायला गेलं तर चेन आणि तिचं दातेरी चाक दोन्ही कठड्यावर आपटण्याची भीती असते.

सपाट ओट्यावर डबल पेग मला दोन वर्षांपासून येत होता. तेव्हा वाटलं होतं, उतारावर तेच करायचं, फक्त जरा तिरकं.

पण आधी पेगची गोष्ट सांगायला हवी, कारण त्यात माझा अख्खा पावसाळा गेला. मी टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातून भाग बनवणारा. आयटीआय झाल्यापासून लेथवर उभा राहतो. जुन्या सायकलबरोबर आलेले लोखंडी पेग खडबडीत काँक्रीटवर अडकायचे. सपाट ओट्यावर पेग अडकला तर सायकल थांबते आणि आपण उतरून घेतो. उतारावर अडकला तर सायकल थांबते आणि आपण थांबत नाही. म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर हवं होतं. बाहेरून मागवलेले पेग महाग पडतात, आणि समोर लेथ असताना ते मागवायचं मनाला पटेना.

ईएन-८ जातीच्या पोलादी सळईतून गाभा काढला. बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर, लांबी ११५, आत नट आवळायचा १७चा सॉकेट जाईल एवढं २६चं बोअर (आतली पोकळी), आणि तळाला अ‍ॅक्सलसाठी १४चं भोक. त्यावर पांढऱ्या नायलॉनचं कव्हर, बाहेरून ४२. आतून ३२ला दोन दशांश मिलिमीटर कमी ठेवलं आणि प्रेसवर दाबून बसवलं. मे महिन्यात असं घट्ट बसलं की हातोडीनेही हललं नसतं. जूनचे पहिले दोन पाऊस झाले, जुलै उजाडला, आणि एका सकाळी कव्हर बोटाने फिरायला लागलं. मला वाटलं माझंच माप चुकलं. व्हर्नियर लावून पाहिलं तर बोअर ३२च्या वर गेलेलं.

आमच्या शॉपमध्ये एक मामा आहेत, ३५ वर्षं लेथवर काढलेले. त्यांनी कव्हर हातात घेतलं, नखाने खरवडलं आणि म्हणाले, “नायलॉन पाणी पितं रे. पावसाळी हवेत फुगतं. बाहेरून फुगतं तसं भोकही मोठं होतं. आधी त्याला पोटभर पाणी पाज, मग बोअर कर.”

मग तसंच केलं. कच्चं बोअर काढून तुकडे १५ दिवस बादलीत बुडवून ठेवले, पुसून कोरडे केले आणि मग शेवटचा कट घेतला. ते कव्हर आजतागायत हललेलं नाही. डेलरिन नावाचं दुसरं प्लॅस्टिक घेतलं असतं तर ही भानगड आली नसती, ते पाणी फारच कमी शोषतं. पण मामांनी सांगितलेलं करून बघण्यात जे समाधान मिळालं ते वेगळं. त्याच दिवशी त्यांनी विचारलं, “ही सायकल ऑलिंपिकमध्ये वगैरे असते का?” असते म्हटलं. शर्यत २००८ला बीजिंगपासून आहे आणि कसरतीचा प्रकार टोकियोपासून, म्हणजे २०२१ला झालेल्या ऑलिंपिकपासून. पण तो रॅम्प बांधलेल्या पार्कमधला. कठडे, पायऱ्या, रेलिंग हा स्ट्रीटचा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. मामा म्हणाले, “नसू दे.” आणि दुसऱ्या पेगचा गाभा लेथच्या चकमध्ये बांधायला घेतला.

पावसाळ्यातच शेडमध्ये एक खोकं बनवलं. ८ फूट लांब, वर जाड प्लायवूड, काठाला लोखंडी अँगल, म्हणजे काटकोनी पट्टी. एका टोकाखाली विटा सरकवायच्या. एक वीट म्हणजे साधारण ३ इंच. एका विटेपासून सुरुवात केली. एक वीट कळतसुद्धा नाही. तीनवर सायकल स्वतःहून पळायला लागते. सपाट ओट्यावर घर्षण वेग खातं, त्यामुळे शेवटाला आपण निवांत असतो. उतारावर मेण लावलेल्या अँगलवरून प्लॅस्टिकचा पेग जाताना वेग वाढतच जातो. सहा विटांवर माझ्या पोटात गोळा यायचा. गणपतीपर्यंत १० विटांवर पोहोचलो. त्याच्यावर विटांची रास डुगडुगायला लागली, म्हणून तिथे थांबलो.

शॉपशेजारच्या चाळीतला एक मुलगा, आठवीत आहे, रोज शाळेतून आला की येऊन बसायचा. विटा मोजून ठेवायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. “दादा, आता नऊ झाल्या हां,” असं आधी सांगायचा, म्हणजे मी तयार राहीन.

जागेचं सांगतो. यापूर्वी एका सोसायटीच्या आवारात आम्ही सपाट ओट्यावर सराव करायचो. तिथून हाकललं, आणि खरं सांगायचं तर ओट्याचा काठ आमच्यामुळे काळा पडला होता आणि एका जागी टवका उडाला होता. ज्यांनी वर्गणी काढून तो बांधला त्यांना वाईट वाटणारच. तेव्हापासून मी ठरवलं की विचारल्याशिवाय कुठेही पेग टेकवायचा नाही. जुन्या दगडी पायऱ्या, देवळं, घाट, पर्वती, यांच्याकडे तर तशा नजरेने बघायचंही नाही. मला ओळखीतून हे गोडाऊन मिळालं. मालक काका साठीचे आहेत. मी काय करणार ते त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं.

“पोरा, डोकं फुटलं तर तुझ्या आईला मी काय सांगू?”

“हेल्मेट घालतो काका. गुडघ्यालाही पॅड आहेत.”

“आणि माझा कठडा?”

मी म्हटलं, काठाला अँगल बसवून देतो, तुमचा काठ उलट जास्त टिकेल. ते कबूल झाले. ४० बाय ४०चा अँगल आणला, भोकं पाडून काउंटरसिंक केली, म्हणजे स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या आत जातात आणि पेगला कुठे ठेच लागत नाही. वरच्या टोकाला अँगलचा कोपरा फाईलने गोल केला. बसवून झाल्यावर काकांनी स्वतः काठावरून तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि मान डोलावली. मला एखादा जॉब पास झाल्यासारखं वाटलं.

पहिले दोन गुरुवार मी कठड्याला पेग लावलाच नाही. पहिल्यांदा नुसता पायी, हेल्मेट घालून, वरच्या ओट्यावरून पळत येऊन पायऱ्या टाकून खाली उडी मारली. वीसेक वेळा. सायकल सोडून द्यावी लागली तर पाय कुठे पडणार ते अंगाला माहीत असायला हवं. मग सायकलसकट पाचही पायऱ्या उडून उतरलो. हे करून घेतलं याचा पुढे फार उपयोग झाला. कठड्यावरून सटकलो तर आपण पायऱ्यांवर पडू ही भीती होती. पायऱ्या आख्ख्या उडता येतात हे एकदा कळलं की ती निम्मी होते.

उडी मोठी नव्हतीच. कठडा वरच्या ओट्यापासून १५ इंच उंच. पण अ‍ॅक्सल आधीच जमिनीपासून १० इंचांवर असतो, त्यात पेगची जाडी धरली तर सायकल फक्त ६ इंच उचलावी लागते. तेवढी मी झोपेतही उचलेन.

दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी पहिल्यांदा पेग टेकवला. मागचा पेग बरोबर काठावर बसला, आवाजही छान आला, आणि पुढचा पेग टेकलाच नाही. तो काठाच्या वर तरंगत राहिला, हँडल उजवीकडे वळलं आणि मी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर डाव्या हातावर आलो. मनगट मुरगळलं. तीन आठवडे पट्टी. लेथचं हँडल फिरवताना मनगट काय काम करतं ते त्या तीन आठवड्यांत कळलं. मामांनी माझे जड जॉब स्वतःकडे घेतले. आई काही बोलली नाही. फक्त रोज रात्री हळद-तुरटीचा लेप घेऊन समोर येऊन बसायची.

घरी बसून मी तेवढाच विचार करत होतो. सगळे सांगतात की उतारावर मन घट्ट कर, घाबरू नको, मागे झुकू नको. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण ‘मागे झुकू नको’ याचं करायचं काय? किती नको? लेथवर कोणी मला ‘जरा कमी घे’ म्हटलं तर मी विचारतो, किती दशांश?

म्हणून मापं काढली. माझ्या सायकलचा व्हीलबेस, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर, ३७ इंच. गोडाऊनची पायरी ६ इंच उंच आणि १२ इंच रुंद. म्हणजे एकास दोनचा उतार, साडेसव्वीस अंश. त्या उतारावर ३७ इंचांची सायकल दोन्ही पेग टेकवून बसली, तर पुढचा पेग मागच्यापेक्षा किती खाली असेल? साडेसोळा इंच.

मी तो आकडा दोनदा काढला. मग खोक्याचा काढला. १० विटांवर पुढचा पेग मागच्यापेक्षा साधारण साडेअकरा इंच खाली असतो. म्हणजे अख्खा पावसाळा माझं अंग साडेअकरा इंच शिकलं होतं. गोडाऊनवर मला त्याच्यापुढे आणखी ५ इंच हवे होते, आणि ते ५ इंच माझ्या अंगात कधी आलेच नव्हते. भीतीने मागे गेलो हे खरं असेल, थोडा गेलोही असेन. पण मोठी चूक ही होती की मी सपाट ओट्यासारखी सायकल आडवी ठेवूनच हवेत होतो आणि उतारावर आल्यावर ती आपोआप कलेल असं धरून चाललो होतो. कलायला वेळच नसतो. पेग टेकायच्या आधी, हवेतच सायकलचं तोंड खाली गेलेलं असायला लागतं. उडीच्या वरच्या टोकाला हात पुढे आणि खाली ढकलायचे, कोपरं सरळ करायची, आणि मागचं चाक पायांनी वर ओढून धरायचं. वजन मात्र दोन पेगांच्या मध्ये. छाती हँडलवर टाकली तर समोरून पालथं पडायला होतं.

हात बरा झाला तोवर मार्गशीर्ष लागला होता. आई मार्गशीर्षातले गुरुवार धरते. घट मांडते, कहाणी वाचते, संध्याकाळपर्यंत उपास. नेमक्या माझ्या सुट्टीच्या दिवशी. मी हेल्मेट घेऊन निघालो की ती घटासमोर बसलेली असायची. “आज तरी नको ना,” एवढंच पहिल्या गुरुवारी म्हणाली. मी सांगितलं की आज कठड्याला हात लावणार नाही, नुसत्या खुणा करणार आहे. आणि खरंच तेवढंच केलं.

कठड्याच्या पलीकडे गोडाऊनची भिंत आहे. तिच्यावर खडूने आधी कठड्याला समांतर एक तिरकी रेघ मारली, पेगच्या उंचीवर. मग मागचा पेग जिथे टेकतो तिथे एक उभी खूण, आणि तिच्यापुढे ३७ इंच उतारावरून मोजून दुसरी. दुसरी खूण पहिलीपेक्षा साडेसोळा इंच खाली. दोन्हींवर मोठे गोल काढले. आठवीतला आमचा कॅमेरामन समोरच्या बाजूला मोबाइल घेऊन बसला, म्हणजे स्लो मोशनमध्ये पेग गोलात येतो का ते दिसेल. त्या दिवशी मी फक्त ओट्यावरून उडी मारून पायऱ्या पार करत होतो, पण हवेत तोंड खाली करत. पेग गोलाच्या किती वर आहे ते तो ओरडून सांगायचा. “दादा, अजून वीतभर!” मग “चार बोटं!” त्याची वीत आणि माझी वीत वेगळी, तरी अंदाज यायचा.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. तोंड पुरेसं खाली गेलं की नजर आपोआप कठड्याच्या खालच्या टोकाकडे जाते. आधी मी पायऱ्यांकडे बघत असायचो, आणि जिथे बघतो तिकडेच अंग जातं. सायकल कलल्यावर पायऱ्या नजरेतून निघूनच गेल्या.

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. सकाळी साडेसात, अंगणात थंडी, अँगल हाताला गार लागत होता. साधी पांढरी मेणबत्ती घेऊन काठावर घासली. थंडीत मेण बसत नाही, भुकटी होऊन पडतं. म्हणून अँगलवरून कापड खसाखसा घासून तो कोमट केला आणि मग मेण लावलं. पहिल्या दोन वेळा पेग काठाच्या पलीकडे पडले. कठड्याकडे जास्तच कललो होतो. तिसऱ्यांदा मीच उडी सोडली. चौथ्यांदा आवाज वेगळा आला. नेहमी टक्... टक् असा यायचा, मागचा आधी आणि पुढचा नंतर. या वेळी एकच टक्. मग सुरीला धार लावताना येतो तसा लांब सर्र. किती वेळ, अर्धा सेकंद असेल. हातांना कळलं की पुढचा पेग वजन घेतोय.

शेवटाला मात्र सगळं उलटं करावं लागतं. पुढचा पेग कठडा संपताच सुटतो आणि मागचा अजून काठावरच असतो. त्या क्षणी तोंड खालीच ठेवलं तर पुढचं चाक जमिनीत घुसतं. टोक यायच्या किंचित आधी हँडल पोटाकडे ओढायचं, ढुंगण थोडं मागे न्यायचं. खाली फक्त ६ इंचांची उडी आहे, पण ती दोन्ही चाकांवर एकदम पडायला हवी. माझं पुढचं चाक जरा आधी टेकलं, सायकल डुलली, आणि मी सरळ निघून गेलो गेटपर्यंत. ब्रेक लावायचंही सुचलं नाही.

मागे वळलो तर पोरगं मोबाइल छातीशी धरून उड्या मारत होतं. काका शटरच्या आतून बाहेर आले होते, हातात चहाचा कप. “आता परत कर,” म्हणाले, “मी नीट बघितलं नाही.” परत केलं. तिसऱ्यांदाही झालं. मग थांबलो, कारण दमल्यावर पाय पुरेसे वर ओढले जात नाहीत आणि मनगटाची आठवण ताजी होती.

व्हिडिओ आम्ही पायरीवर बसून पाहिला. मागचा पेग गोलात. पुढचा पेगही गोलात, अगदी मधोमध नाही, वरच्या कडेला. पोराने पट्टी काढून मोबाइलच्या काचेवर लावून मोजायचा प्रयत्न केला. मी पेग काढून बघितला. नायलॉनवर एका बाजूला बोटभर रुंदीचा चकचकीत सपाट पट्टा उमटला होता, मेणाने माखलेला. दुसऱ्या दिवशी तो मामांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून उजेडात फिरवला आणि म्हणाले, “दर आठ दिवसांनी पाव फेरा फिरवून बसव, चारी बाजूंनी सारखा झिजेल.”

त्या गुरुवारी संध्याकाळी आईला फक्त एवढंच सांगितलं की पडलो नाही. तिने नैवेद्याची पुरणपोळी आधी माझ्या ताटात वाढली.

पोराला आता स्वतःची सायकल मिळाली आहे, जुनी आहे पण फ्रेम सरळ आहे. तो अजून सपाट जमिनीवर उडी मारायला शिकतोय, एका विटेच्या खोक्याला दोन-तीन महिने तरी आहेत. पण पेग कधी देणार हे तो रोज विचारतो. कच्चं बोअर काढून झालंय. त्याच्या कव्हरचे दोन तुकडे परवापासून शॉपमधल्या बादलीत पाणी पीत पडलेत.